दोन इंच माया

"अवं वैजू, त्याईले इचार जरा, पृथ्वीले पोलकं शिवून राह्यले का परकर?"

पडद्यापलीकडून आलेली ही कुरकुर इंद्रभानला नीट ऐकू आली. न येऊन सांगते कोणाला? जऊळक्याच्या स्टेशन रोडवरचं त्याचं शिलाईचं दुकान आणि मागची खोली यांच्यात अंतर म्हणजे एक पडदा. तोही गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचा, त्यानेच कधीतरी जोडून शिवलेला. इतक्या वर्षांत त्या पडद्याने काहीही अडवलं नव्हतं. मशीनची खडखड नाही, फोडणीचा ठसका नाही, आणि बायकोचं, मनकर्णाबाईचं, बोलणं तर नाहीच.

परकर, तो मनातल्या मनात म्हणाला. कारण कंबर मोजून झाली होती.

मांडीवर पृथ्वीचा गोल, हातात टेप, दातांत खडूचा तुकडा, असा तो सकाळपासून बसला होता. मशीनवर कोणाच्या तरी लेकीचा अर्धा शिवलेला कुर्ता तसाच लोंबत होता. गोल अनसिंगच्या शाळेतला. त्याची लेक वैजयंती तिकडे दिलेली. ती तिथल्या शाळेत खिचडी शिजवायची, आणि आई अंथरुणाला लागल्यापासून सासर-माहेर अशा खेपा घालायची. मागच्या खेपेला निघताना बापाने हळूच विचारलं होतं, "तुया शाळेत थो फिरता गोल असन ना?" गुरुजींनी कशाला म्हणून विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, की बाबांना पाहिजे. तिच्या तोंडाकडे पाहून गुरुजींनी पुढे काही विचारलं नाही. जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन तिने तो एसटीतून आणला. कंडक्टर म्हणाला, कोहळं चांगलं मोठं भेटलं तुमाले.

गोलाची खुंटी ढिली होती. सोडला की तो हळूच कलंडायचा आणि आपली खालची बाजू पुढे करायचा. आणि भारत त्याच्यावर नव्हताच. म्हणजे होता, पण 'दाखव बरं आपला देश' म्हटलं की प्रत्येक पोराने तिथेच बोट टेकवलेलं. वर्षानुवर्षं बोटं लागून लागून तेवढा भाग पुसून पांढरा झाला होता. न्यूझीलंडवर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं. ते आपलं हिरवंगार होतं. पुसलेल्या जागेत, मधोमध, अंदाजाने इंद्रभानने खडूचा एक ठिपका दिला आणि त्याला नागपूरचा विमानतळ मानलं.

दुसरा ठिपका पार खाली, न्यूझीलंडच्या दुसऱ्या बेटाच्या बुडाशी. तिथे त्याचा धाकटा, शिवम. अकोल्याला शेतीचं शिकला आणि चार वर्षांपूर्वी तिकडे गाईंच्या एका मोठ्या फार्मवर नोकरीला गेला. गावाचं नाव इन्व्हरकारगिल. मनकर्णाबाईने ते नाव पहिल्याच दिवशी आपल्या तोंडाच्या मापाने कापून घेतलं, आणि तिच्याकडून ऐकून साऱ्या जऊळक्यात झालं, टेलरचा पोरगा कारगिलले हाय. गेल्या सव्वीस जानेवारीला इंद्रभानला झेंड्यापाशी बोलावून नारळ दिला, गळ्यात हार घातला. "अवो, थो गाई पाह्यते तठी," असं तो दोन-तीनदा म्हणाला. लोकांनी समजून मान हलवली. फौजेतल्या गोष्टी बाप थोड्याच सांगत फिरतो?

"आता हे पाह्य," इंद्रभान लेकीला म्हणाला. "कंबर भरली साडेसदतीस."

"चांगल्या घरची हाय," वैजयंती म्हणाली. ती पडदा सारून चौकटीत येऊन बसली होती, हातात निवडायला मेथी.

"अन् तुये गुर्जी म्हनतेत का कंबर चायीस हजार किलोमीटर."

"पुस्तकात हाय तसं."

"मंग एक इंच म्हंजे हजाराच्या वर थोडंसं." त्याने टेपचं टोक नागपूरच्या ठिपक्यावर अंगठ्याने दाबलं. टेप समुद्रावरून नेला, कुठल्याशा बेटांच्या पुंजक्यावरून, ऑस्ट्रेलियाच्या पोटावरून आणि खालच्या ठिपक्याशी आणून टेकवला. बाईच्या खांद्यावरून माप घेताना घेतो तसा, न ताणता, न सैल सोडता. "अकरा इंच."

"अकरा."

"बालवाडीतल्या पोराच्या सदऱ्याचा गया असते अकरा इंचाचा," तो म्हणाला, आणि मग तोंडातून आपोआप निघून गेलं, "अन् दोन इंच माया. तेरा."

वैजयंती हसली. "बाबा, हे का कापड हाय? इमानाले कायची माया?"

इंद्रभान ओशाळला. पण जन्मभराची सवय. माप घेतलं की आत शिवणीत दाबायला वरचं कापड धरायचं, आणि ते धरल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे त्याच्या गुरूने त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलेलं. माया नसलेला कपडा म्हणजे एकदा घालायचा कपडा, गुरू म्हणायचा. अंग वाढतं, अंग उतरतं, कपड्याने सांभाळून घ्यावं. इंद्रभान तर पोरांच्या शाळेच्या चड्ड्यांना एवढी माया सोडायचा, की पुढच्या वर्षी उसवून मोठी, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी मोठी. गावातल्या किती पोरांनी एकाच चड्डीत चौथी ते सातवी काढली. त्यावरून बाकीचे शिंपी त्याच्यावर चिडायचे.

शिवम परदेशी निघाला तेव्हा इंद्रभानने त्याच्यासाठी कोट शिवला होता. नागपूरच्या विमानतळाबाहेर, काचेच्या दारापाशी, पोराने बाही उलटून पाहिली आणि म्हणाला, "बाबा, आता मी वाढनार हाओ का अजून? इतली माया कायले सोडली?" मनकर्णाबाई म्हणाली होती, "राहू दे ना. का वजन होते त्याचं?"

वैजयंतीने मेथीचे हात पुसले आणि मोबाइल काढला. बोटाने काही तरी सरकवलं. "सरळ इमान जातच नाई तठी. नागपूरहून मुंबई, तठून सिंगापूर, मंग ऑकलंड नावाचं हाय, मंग तठून हे." ती थांबली, ओठ हलवत बेरीज करत राहिली. "अवो बाबा. सारं मिळून चौदा हजारापाशी जाते."

"म्हंजे तेरा इंच."

"तेराच्या वरच."

"लागलीच ना मंग माया," इंद्रभान म्हणाला. त्यात बढाई नव्हती. चुकून बरोबर आलेल्या मापाचं त्याला नेहमी भय वाटायचं. "अन् एका इंचाले इमान किती येळ घेते?"

"इमान घेते तास-सव्वा तास. पन मंधात थांबा लागते ना. एका जागी सात-आठ तास, दुसऱ्या जागी रातभर. तिकीट भेटलं त दीड दिस, नाई त दोन. अन् मंग नागपूरहून अठी याले आखीन पाच घंटे."

वैजयंतीने मेथी पुन्हा पुढ्यात ओढली. पडद्यापलीकडून आता कुरकुर येत नव्हती.

खरं तर विमानतळापासून विमानतळापर्यंतचं अंतर इंद्रभानला नकोच होतं. त्याला निरोप गेल्यापासून पोरगा दारात उभा राहीपर्यंतचं अंतर पाहिजे होतं, आणि ते टेपवर येत नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी अकोल्याच्या डॉक्टराने बाप-लेकीला बाहेर बोलावलं होतं. भला माणूस. टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-घालत म्हणाला, "औषधं चालू ठेवा, पण आता जवळच्या माणसांना बोलावून घ्या." आत येऊन दोघांनी मनकर्णाबाईला सांगितलं, गोळ्या बदलल्या. तिने विचारलं, रंग कोनता? वैजयंती म्हणाली, गुलाबी. परतीच्या वाटेवर, वाशीमजवळच्या मालेगावला गाडी थांबवून तिघांनी उसाचा रस प्यायला. मनकर्णाबाईने अर्धा ग्लास ठेवला. ती ग्लासात कधी काही ठेवणारी बाई नव्हती.

त्यानंतर शिवमला बोलावणं एवढंच काम राहिलं होतं, आणि तेच होत नव्हतं. त्याची रजा एप्रिलात होती. आधी निघाला तर नोकरी राहील की नाही, तिथे राहायचे कागद होतील की नाही, हा एक घोर. पण खरी अडचण दुसरीच. पोरगा डिसेंबरात अवचित दारात उभा राहिला, तर मनकर्णाबाईला कळायला डॉक्टर लागणार नव्हता. त्याला 'ये' म्हणणं म्हणजे तिला सांगणं. म्हणून बाप-लेकीने न बोलता एक हिशोब मांडला होता, की शेवटचा निरोप गेल्यावरही तो मातीला, अग्नी द्यायला, पोचतो का ते पाहावं. गावात सकाळी गेलेलं माणूस ऊन उतरायच्या आत नेतात. थांबत नाहीत. फार तर लेक अमरावतीहून, पुण्याहून येते म्हणून रात्रभर थांबले असतील. तेरा इंच कोणी थांबलं नव्हतं.

"भरली का मंग कंबर?" म्हणत फुलचंद आला. समोरच्या चहाच्या टपरीवरून तो दिवसातून तीनदा यायचा. चहा आणायचा आणि तोच पिऊन जायचा. इंद्रभानचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला सारं माहीत होतं, आणि माहीत असलेलं तोंडात धरणं हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम चाललं होतं.

"तेरा इंच," इंद्रभान म्हणाला.

"तेरा इंच म्हंजे?"

"दोन दिस."

फुलचंदने गोल बोटाने फिरवून पाहिला. गोल कलंडला. "इतलीशी त हाय." मग स्टुलावर बसून त्याने चहा बशीत ओतला. दोस्ताला धीर द्यावा, एवढंच त्याच्या मनात होतं. "दोन दिसाचं आता काई वाटून घ्याचं नाई, भौ. पयले सोय नोयती. आता वाशीमले बरफाची पेटी भेटते. लाइटवर चालते. फोन केला का घरपोच आनून देते मानूस. दोन-दोन, तीन-तीन दिस काईच होत नाई, चेहरा सुदा जसाचा तसा..."

पडद्यामागे बांगड्या वाजल्या.

बशी फुलचंदच्या ओठाशी थांबली. वैजयंतीने मेथीत मान घातली.

"आइसक्रीमची," फुलचंद म्हणाला. "लगनात लागते ना. आइसक्रीमची पेटी म्हनून राह्यलो मी."

"हाव," इंद्रभान म्हणाला. "आइसक्रीम चांगलं राह्यते त्यात."

"बाहेर ठेवलं का पघयते."

"पघयतेच."

बाहेर डिसेंबरची हवा होती, दुकानात ऊन यावं म्हणून फळी अर्धी उघडी टाकलेली. त्या गारठ्यात दोन म्हातारे आइसक्रीमची काळजी करत थोडा वेळ बसले. मग फुलचंद उठला, किटली तिथेच विसरला, आणि ती न्यायला परत आलाही नाही.

दुपारी शिवमचा फोन आला. त्याचं दिवसभराचं दूध काढणं उरकून तिकडे रात्र व्हायची तेव्हा इकडे जेवणवेळ असायची. वैजयंतीने मोबाइल गोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. मनकर्णाबाईला उशा लावून बसवलं. तिने पदर डोक्यावरून घेतला. पोरासमोर ती आधी कधी पदर घेत नव्हती. आताशा घ्यायची, औषधांनी केस गळले होते म्हणून.

"आई, जेवली का?"

"जेवली. तू?"

"मीबी जेवलो. हे पाह्य, ऊन दाखवतो तुले." शिवमने फोन खिडकीकडे फिरवला. लांबच लांब गवत, आणि त्यावर तिरपं पिवळं ऊन. "रातचे नऊ वाजले अठी."

"फेकू नको," मनकर्णाबाई म्हणाली. "नऊ वाजता कोनाच्या घरी ऊन राह्यते?"

"देवाशपथ, आई. उन्हाया हाय अठी."

"मंग झोपता कवा तुमी लोक?"

तो हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "बाबा, डॉक्टर काय म्हने? खरं सांगजा."

इंद्रभान पडद्याजवळ उभा होता. मोबाइलच्या चौकटीत त्याचा खांदा तेवढा दिसत असावा. "गोया बदलल्या," तो म्हणाला.

"थे त मांगच्या खेपेसबी म्हनलं तुमी."

"आखीन बदलल्या."

"तायडे, तू सांग ना."

"चांगली हाय आई," वैजयंती म्हणाली. "सकाई भाकर खाल्ली दुधात." भाकरीचा चतकोर तुकडा होता आणि त्यातला अर्धा खोकल्यासोबत बाहेर आला होता, पण खाल्ली होती हे काही खोटं नव्हतं.

शिवमने चेहरा काचेच्या आणखी जवळ आणला. "सुट्टी त मले एप्रिलमंधी हाय," तो म्हणाला. "पन तुमी म्हनान त मी आताच..."

"आता लय थंडी हाय अठी," इंद्रभान घाईने म्हणाला.

तेरा इंचांवरून पोराने त्याच्या खांद्याकडे पाहिलं. जिथे दरवर्षी बर्फ पडतो म्हणतात अशा मुलखात चौथं वर्ष काढणाऱ्या पोराला बाप जऊळक्याची थंडी सांगत होता.

"एप्रिलमंधी ये," मनकर्णाबाई म्हणाली. "आंबे असतेत."

"हाव आई."

"गाई चांगल्या हायत?"

"चांगल्या हायत."

मग काचेवर शिवमचा चेहरा हलायचा थांबला, तोंड अर्धवट उघडं, काही तरी म्हणता म्हणता. रेंज गेली होती. वैजयंती मोबाइल उचलायला गेली, तर मनकर्णाबाई म्हणाली, "राहू दे. दिसून राह्यला ना." आपोआप काच काळी होईपर्यंत तिघं तसेच पाहत बसले.

स्टेशनात गाडी येऊन गेली. इंद्रभान मशीनवर जाऊन बसला, पण पायडल मारलं नाही.

"अवो," आतून हाक आली. "कातर आना अठी."

तो कात्री घेऊन आत गेला. मनकर्णाबाईने पदर बाजूला केला आणि डावा हात जरा वर उचलला. तेवढ्यानेही तिला धाप लागली. "अठी काखेखाली. टोचते मले."

"काय टोचते?"

"तुमची माया."

इंद्रभान वाकला. निळं पोलकं, त्यानेच शिवलेलं. या तीन महिन्यांत त्याने ते तीनदा आत घेतलं होतं. ती झोपली की दोरीवरून काढून न्यायचा, दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच दाबायचा, आणि विचारलं तर सांगायचा, बटनं पक्की केली. पण आत घेतलेलं कापड त्याने एकदाही कापलं नव्हतं. शिवणींच्या आत ते थरावर थर साठत गेलं होतं, आणि आता काखेखाली त्याची दोरखंडासारखी जाड वळी झाली होती. बरगडीच्या कातडीवर तिचा लाल वळ उठला होता.

"तीनदा आत घेतलं तुमी," ती म्हणाली. "मले का समजत नाई? टेलराच्या घरात उमर गेली माही. कापत काहून नाई हे?"

"राहू दे," तो म्हणाला. "आंग भरलं का उसवता येते."

"आता नाई भरत आंग."

"आई," वैजयंती मधेच म्हणाली, "गोई घेतली का तू दुपारची? थांब, मी पानी आनतो."

"तू बस वं खाली." आवाजात जोर नव्हता, पण वैजयंती बसली. "कापा तुमी."

इंद्रभानने शिवण उलटी केली. पाती उघडायला त्याला वेळ लागला. अंगावर असलेल्या कपड्याला कात्री लावू नये म्हणतात. त्याने डाव्या हाताची दोन बोटं तिची बरगडी आणि कापड यांच्यामध्ये सरकवली, धार आपल्या बोटांवरून जाईल अशी, आणि कापायला लागला. सर्वांत आतलं, मूळच्या मायेचं कापड कधी उन्हात गेलं नव्हतं. बाहेरचं निळं विटून राखेसारखं झालं होतं, आणि हे आतलं पहिल्या दिवसाच्या रंगाचं होतं. पट्टी कापली जाऊन गोधडीवर पडली.

मनकर्णाबाईने ती उचलली, बोटाला गुंडाळून पाहिली.

"हे झंपर मंगरुळच्या बजारातलं. शिवम पोटात होता तवाचं कापड."

"तवाचंच," इंद्रभान म्हणाला.

"दुसऱ्या बाजूनं घ्या आता."

तो उठून दुसऱ्या बाजूला गेला. दुकानात, स्टुलावर ठेवलेला गोल कशाने तरी हलला, स्वतःशीच अर्धा फिरला आणि थांबला. तिने पडद्याच्या फटीतून तिकडे पाहिलं.

"गोल आनला," ती म्हणाली. "टेप लावला. इमानाचे घंटे मोजले. फुलचंद भौजीनं पेटीसुदा पाहून ठेवली. पडद्यामांगं का भितीमांगं हाओ मी? सारे मिळून निरा माह्या मातीचं माप घेऊन राह्यले तुमी. का मातीले पोरगा पोचते का नाई पोचत."

वैजयंतीने तोंडावर हात ठेवला. इंद्रभानची कात्री शिवणीत अर्ध्यावर थांबली होती, त्याची दोन बोटं अजून तिच्या बरगडीवर. आतलं काळीज त्या बोटांना लागत होतं, हलकं, घाईघाईचं.

"मातीले येऊन थो का करन? मले दिसन का थो?" ती म्हणाली. "एप्रिलमंधी आंबे असतीन, शिवमचे बाबा. मी नसन."

तिने उजवा हात आणखी जरा वर धरला, त्याला कापायला नीट जमावं म्हणून.

"लाव वं वैजू, फोन लाव त्याले. मातीले नोको म्हना. आता ये म्हना."